खमंग, खरपूस, करपट: अंबर एल चाखताना

अंबर एल या बिअरला गुण द्यायला बसलेला नवखा माणूस बहुधा आकड्यापासूनच सुरुवात करतो. एक घोट घेतो, ‘छान आहे, दहापैकी आठ’ म्हणतो आणि मग त्या आठाला साजेशी कारणं शोधू लागतो. क्रम उलटा हवा. नाकाला, डोळ्यांना, जिभेला काय कळलं ते आधी लिहायचं. आकडा सगळ्यात शेवटी, लिहिलेलं पुन्हा वाचून. चाखणं हे एक काम आहे आणि गुण देणं हे दुसरं. दोन्ही एकाच घोटात उरकायला गेलं की दोन्ही बिघडतात.

हे शिकण्यासाठी अंबर एलइतकी चांगली बिअर मला दुसरी माहीत नाही. पिल्सनर इतकी फिकट आणि नितळ असते की तिच्यातला बारीकसा दोषही लगेच उघडा पडतो. स्टाउटमध्ये भाजलेल्या धान्याचा जोर एवढा असतो की बऱ्याच गोष्टी त्याखाली झाकल्या जातात. अंबर या दोघींच्या मधली. तिच्यात माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा गोडवा, भाजल्याचा खमंगपणा आणि हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणा या तिघांना एकमेकांना सांभाळून घ्यावं लागतं. एक जरा पुढे सरकला की दुसरा मागे पडतो, आणि हे सरकणं जिभेला कळायला लागलं की चाखणं शिकायला सुरुवात झाली असं समजावं.

अंबर म्हणजे नेमकं काय

इथला अंबर म्हणजे आकाश नव्हे. प्राचीन झाडांची राळ लाखो वर्षं जमिनीत गाडली जाऊन तिचा मधाच्या रंगाचा खडा होतो. त्याला आपण तृणमणी म्हणतो, इंग्रजीत अंबर. बिअरला हे नाव रंगावरून पडलं. एल म्हणजे जरा उबेत, साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसला आंबवलेली बिअर. लागर याहून बरीच थंड आंबवतात. उबेत काम करणारं यीस्ट थोडासा फळांसारखा वास मागे ठेवतं, म्हणून अंबर एलमध्ये तो अगदी हलका आला तर दोष धरत नाहीत.

आज आपण जिला अंबर एल म्हणतो ती मुख्यतः अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअरींची देणगी. १९८० च्या दशकात तिथे पेल एल लोकप्रिय होत होती. तीच बिअर थोडं जास्त भाजलेलं माल्ट घालून केली की रंग तांबूस व्हायचा आणि चवीला भरीवपणा यायचा. हॉप्स मात्र अमेरिकनच. १९७२ साली बाजारात आलेली कॅस्केड ही ओरेगनमध्ये तयार झालेली हॉप्सची जात त्यातली सगळ्यात गाजलेली. तिचा वास ग्रेपफ्रूटसारखा, थोडा फुलांसारखा. कॅलिफोर्नियातल्या नॉर्थ कोस्ट ब्रुअरीची रेड सील १९८८ ची, कोलोराडोतल्या न्यू बेल्जियमची फॅट टायर १९९१ ची. दोघींना लोक अंबर म्हणत आले, पण रेड सीलमध्ये हॉप्स ठसठशीत होते, तर फॅट टायर बेल्जियन वळणाची, बिस्किटासारख्या माल्टवर उभी. २०२३ मध्ये फॅट टायरची कृती बदलली, रंग फिकट झाला आणि तिच्या नावातून अंबर हा शब्दही गेला.

एकाच नावाखाली इतक्या वेगळ्या बिअर असतील तर मोजायचं कशाच्या फुटपट्टीने? यासाठी मार्गदर्शिका आहेत. सगळ्यात जास्त वापरली जाते ती अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेची. तिच्या २०२१ च्या आवृत्तीत अमेरिकन अंबर एलसाठी अल्कोहोल ४.५ ते ६.२ टक्के, कडवटपणा २५ ते ४० आयबीयू आणि रंग १० ते १७ एसआरएम अशा मर्यादा दिल्या आहेत. एसआरएम म्हणजे रंगाची मोजपट्टी. ४३० नॅनोमीटरचा निळसर प्रकाश बिअरमधून सोडायचा, किती शोषला गेला ते पाहायचं आणि त्यावरून आकडा काढायचा. आकडा जितका मोठा तितकी बिअर गडद. त्याच मार्गदर्शिकेत अमेरिकन पेल एलचा रंग १० वर संपतो आणि ब्राउन एलचा १८ ला सुरू होतो. अंबर बरोबर या दोघींच्या मधल्या फटीत बसते.

आयरिश रेड एलशी मात्र तिची गल्लत नेहमी होते, कारण रंग जवळपास तोच. आयरिश रेडमध्ये हॉप्सचा वास नसल्यात जमा असतो, आणि घोट गिळल्यावर भाजलेल्या धान्याचा कोरडेपणा हलकासा राहतो. अमेरिकन अंबरमध्ये हॉप्स आपलं अस्तित्व दाखवतात. ग्लासमध्ये आयरिश रेड असेल आणि तुम्ही तिला ‘हॉप्स कमी’ म्हणून अंबरच्या मापाने गुण कापले, तर तो बिअरवर अन्याय आहे.

रंग येतो कुठून

बार्लीला मोड आणायचे, ते वाळवायचे आणि कमी-जास्त भाजायचे, म्हणजे माल्ट तयार होतं. अंबर एलमध्ये बहुतेक माल्ट फिकटच असतं. रंग आणि चवीचा ठसा येतो तो थोड्या प्रमाणात घातलेल्या क्रिस्टल किंवा कॅरमल माल्टमुळे.

हे माल्ट करण्याची रीत मला फार आवडते. साध्या माल्टमध्ये मोड आलेला दाणा वाळवून टाकतात. क्रिस्टल माल्टसाठी तो ओला असतानाच बंद ड्रममध्ये साधारण ६५ ते ७० अंशांवर ठेवतात. आतली वाफ बाहेर जाऊ देत नाहीत. मग दाण्यातलेच एन्झाइम दाण्यातल्या पिठाची साखर करतात, सालाच्या आतल्या आत. त्यानंतर आच वाढवली की ती साखर घट्ट होऊन काचेसारखी होते. असा दाणा दाताखाली फोडला तर कडक गोळीसारखा कट्कन तुटतो आणि जिभेवर टॉफीची चव येते. साध्या माल्टचा दाणा मात्र पिठूळ लागतो.

भाजताना जे घडतं त्याचं मोठं श्रेय मेयार अभिक्रियेला. लुई कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १९१२ साली मांडली. उष्णता मिळाली की साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी जोडली जातात आणि त्यातून तपकिरी रंग आणि शेकडो प्रकारचे वास तयार होतात. पावाच्या सालीचा वास हाच.

आता इथे मराठीची श्रीमंती कामाला येते. खमंग, खरपूस आणि करपट हे तीन शब्द म्हणजे भाजण्याच्या तीन पायऱ्या आहेत, आणि कोणाला समजावून सांगावं न लागता त्या आपल्याला ठाऊक असतात. खमंग म्हणजे वास सुटला, धान्य जागं झालं. खरपूस म्हणजे रंग गडद झाला, कड थोडी कुरकुरीत झाली, गोडव्यात किंचित कडसरपणा आला. करपट म्हणजे हात आवरायला हवा होता. क्रिस्टल माल्टच्या पिशवीवर ४०, ६०, १२० असे रंगाचे आकडे असतात. ४० च्या आसपास सौम्य कॅरमल, ६० ला टॉफी, १२० ला मनुका आणि जळत्या साखरेची कड. चांगल्या अंबर एलची जागा खमंग आणि खरपूस यांच्या मध्ये कुठेतरी असते. माझ्या वहीत मी ‘माल्टी’ असा शब्द आता लिहीत नाही. त्यातून वाचणाऱ्याला काही कळत नाही. ‘खमंग, खरपूसकडे झुकणारी’ असं लिहिलं की दोन वर्षांनी वाचतानाही ती चव आठवते.

आधी नाक

ग्लास स्वच्छ हवा. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस बसतो आणि ग्लासच्या कडेला बुडबुडे चिकटून राहतात. एक तृतीयांश ग्लास भरावा, वरची जागा वासासाठी मोकळी ठेवावी. चाखायला साठ ते नव्वद मिलिलिटर पुरे. बिअर फार गार नको. ८ ते १२ अंश ठीक. बर्फासारख्या गार बिअरमधून वासाचे रेणू वर येतच नाहीत आणि जीभही बधिर होते. फ्रिजमधून काढलेला ग्लास दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवला की बंद दार उघडावं तसे वास मोकळे होतात.

ओतल्या ओतल्या पहिलं काम हुंगायचं. रंग पाहायला सवड आहे, कारण तो कुठे पळून जात नाही. काही वास मात्र पहिल्या मिनिटातच उडून जातात. ग्लासवर हाताचा पंजा ठेवा, दोनदा गोल फिरवा, पंजा काढा आणि दोन-तीन छोटे श्वास घ्या. लांब, खोल श्वास घेऊ नका. नाक एका वासाला फार लवकर सरावतं आणि मग तो वास असूनही जाणवत नाही. तसं झालं तर थोडं थांबून आपल्याच बाहीचा वास घ्यावा आणि परत यावं.

काय शोधायचं? कॅरमल, पावाची भाजकी साल, टॉफी. त्यावर हॉप्स: लिंबूवर्गीय फळं, पाइनचं लाकूड, फुलं. हॉप्स किती असावेत याला एकच उत्तर नाही. काही अंबरमध्ये ते मागे असतात, काहींमध्ये चांगले आक्रमक. पाहायचं ते एवढंच की हॉप्स आणि कॅरमल भांडत नाहीत ना. पाइनसारखा रेझिनचा वास आणि चिकट गोड टॉफी एकत्र आले की कधीकधी औषधी सिरपचा भास होतो. तसं झालं तर दोन्ही घटक स्वतंत्रपणे चांगले असूनही गुण कमी होतात.

मग पाहणं. ग्लास पांढऱ्या कागदासमोर धरा. तांब्याचा रंग, कडेला लालसर झाक, फेस साईच्या रंगाचा आणि काही मिनिटं टिकणारा. बिअर गार असताना थोडी धुरकट दिसली आणि कोमट होता होता स्वच्छ झाली, तर ती प्रथिनं आणि पॉलिफेनॉल यांची थंडीतली गुठळी आहे. चवीशी तिचा फारसा संबंध नाही. दिसण्याला मी जास्त वेळ देत नाही आणि तुम्हीही देऊ नये. डोळा नाकाला सहज फसवतो. २००१ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या संशोधकांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाच्या लाल रंगाने रंगवून दिली. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. अंबरचा तांबूस रंग पाहिला की मेंदू न विचारता कॅरमल पुरवतो. शंका आली तर रंगीत किंवा अपारदर्शक पेल्यातून पुन्हा हुंगून पाहावं.

घोट

पहिल्या घोटाआधी एक प्रयोग करा. नाक चिमटीत घट्ट धरा, घोट तोंडात घ्या, फिरवा. काय लागतं? थोडं गोड, थोडं कडू, कार्बन डायऑक्साइडची आंबट टोचणी. बास. कॅरमल नाही, पावाची साल नाही, ग्रेपफ्रूट नाही. आता गिळा आणि नाक सोडून श्वास बाहेर टाका. एका क्षणात टॉफी, भाजकं धान्य, हॉप्स सगळं घशाच्या मागून वर येतं. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग असा मागच्या दाराने नाकात जाणारा वास असतो. हा प्रयोग मी ज्याला ज्याला करायला सांगितला तो नाक सोडताच दचकला. त्यानंतर त्या प्रत्येकाचं चाखणं बदललं. घोट गिळल्यावर तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास सोडायचा, हे त्यांना पुन्हा सांगावं लागलं नाही.

जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू असा नकाशा शाळेच्या पुस्तकात पाहिला असेल तर तो विसरून जा. चवीचे सगळे प्रकार जिभेच्या सगळ्या भागांत कळतात. तरीही बिअरचे परीक्षक सहसा घोट थुंकत नाहीत, थोडासा गिळतात. कडवटपणा घशात उतरताना वाढतो, टिकतो, मग ओसरतो, आणि तो किती वेळ रेंगाळतो हे गिळल्याशिवाय नीट कळत नाही. म्हणूनच घोट लहान आणि ग्लासेस मोजके ठेवायचे. पाच-सहा नमुन्यांनंतर माझा स्वतःच्या जिभेवर विश्वास राहत नाही.

कडवटपणाच्या आकड्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण लोक लेबलावरचा आयबीयू वाचून चव ठरवून टाकतात. १ आयबीयू म्हणजे ढोबळमानाने एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्लं. हॉप्स उकळल्यावर ती तयार होतात आणि बिअर कडू करतात. आकडा प्रयोगशाळेत खरा, पण जिभेला तो एकटा कधीच भेटत नाही. सोबत माल्ट असतं. आंबवण्याआधीच्या गोड द्रवाची घनता पाण्याच्या १.०५२ पट असेल, तर ब्रुअर तिला बावन्न म्हणतात. ३५ आयबीयूला ५२ ने भागलं की सुमारे ०.६७ येतात. तेच ३५ आयबीयू ४० घनतेच्या हलक्या बिअरमध्ये असतील तर गुणोत्तर जवळपास ०.८८ होतं आणि ती बिअर बरीच कडू लागते. अंबरमध्ये क्रिस्टल माल्टमुळे यीस्टला न खाता येणारे काही पदार्थ शिल्लक राहतात आणि त्यांचा गोडवा कडूपणाची धार बोथट करतो. म्हणून लेबल झाकून विचारावं: शेवटच्या क्षणी जिभेवर गोड उरतं की कडू? आणि दुसरा घोट घ्यावासा वाटतो का?

कडू आणि तुरट यांतला फरक इंग्रजी बोलणाऱ्या नवशिक्यांना शिकवावा लागतो. आपल्याला तो लहानपणापासून कळतो, तेव्हा तो वापरावा. कडू ही चव आहे. तुरट हा स्पर्श आहे: पॉलिफेनॉल लाळेतल्या प्रथिनांना पकडतात आणि तोंड आक्रसतं, दात खरखरीत लागतात. अंबरमध्ये कडवटपणा हवाच, तुरटपणा जवळजवळ नको. धान्य फार गरम पाण्याने वा गरजेपेक्षा जास्त वेळा धुतलं की टरफलातून तो उतरतो. वहीत ‘कडवट’ लिहिलंत की ‘तुरट’ यावर ब्रुअरने काय सुधारायचं ते ठरतं.

दोन फसवे दोष

बिअरमध्ये येऊ शकणाऱ्या दोषांची यादी मोठी आहे. कच्च्या सफरचंदासारखा वास आला तर अ‍ॅसिटाल्डिहाइड, उकडलेल्या मक्यासारखा आला तर डायमिथिल सल्फाइड, बँडेजसारखा औषधी वास आला तर क्लोरोफेनॉल. उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली राहिलेल्या बाटलीत हॉप्सच्या रेणूंचं प्रकाशाने विघटन होऊन एक उग्र, जळकट वास येतो. तपकिरी काच त्यापासून बरीच वाचवते, हिरवी आणि पारदर्शक वाचवत नाही. हे सगळे दोष एकदा ओळखले की पुन्हा चुकत नाहीत.

अंबरमध्ये खरी फसगत करतात ते दोनच, कारण दोन्ही कॅरमलचा वेश घेऊन येतात.

पहिला डायअ‍ॅसिटिल. यीस्ट काम करताना हा पदार्थ तयार होतो आणि पुरेसा वेळ मिळाला तर यीस्टच तो परत शोषून घेतं. बिअर घाईने गार केली तर मागे राहतो. लिटरमध्ये ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास गेला की अनेकांना कळतो. वास लोण्याचा, बटरस्कॉचचा. फिकट लागरमध्ये तो लगेच पकडता येतो. अंबरमध्ये टॉफी आधीच असते, त्यामुळे नवखा माणूस ‘वा, काय कॅरमल आहे!’ म्हणतो आणि दोन गुण जास्त देतो. मी तो ओळखतो स्पर्शावरून. खऱ्या कॅरमलला शेवटी भाजल्याची बारीक कड असते आणि तोंड मोकळं होतं. डायअ‍ॅसिटिल जिभेवर तेलकट, निसरडा थर ठेवून जातं, आणि ग्लास जसा कोमट होतो तसा लोण्याचा वास वाढत जातो. वीस मिनिटांनी परत हुंगा. उत्तर बहुतेक वेळा तेव्हा मिळतं.

दुसरा दोष म्हणजे जुनेपणा. बाटलीत शिरलेला थोडासा प्राणवायू आणि उष्णता मिळून बिअर म्हातारी करतात. हॉप्सचा वास आधी मरतो. मग कडवटपणा थकतो. माल्टचा ताजा खमंगपणा जाऊन मनुका, शिळा मध, शेरीसारखा वास येतो आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्याचा. यातला पहिला टप्पा धोक्याचा. तेव्हा बिअर बिघडल्यासारखी वाटत नाही, फक्त गोड झाल्यासारखी वाटते, आणि गोड आवडणारा माणूस तिला ताज्या बिअरपेक्षा जास्त गुण देऊन मोकळा होतो. म्हणून गोडव्याबरोबर हॉप्स कुठे आहेत हे प्रत्येक वेळी विचारावं. अंबर एल गोड आहे आणि हॉप्सचा मागमूस नाही, तर बाटलीवरची तारीख पाहावी. मात्र गुण लिहून झाल्यावरच.

आता आकडा

बीजेसीपीची गुणपत्रिका ५० गुणांची आहे. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. रंगावर भाळणाऱ्यांनी तो तीनचा आकडा पाहावा. वास आणि चव मिळून ३२ गुण होतात. मला ही विभागणी पटते.

एक ग्लास समोर आहे असं धरू. वासात मध्यम कॅरमल, पावाची भाजकी साल, मागे हलकं ग्रेपफ्रूट. हॉप्स जरा लाजरे. १२ पैकी ९. रंग तांब्याचा, स्वच्छ, फेस टिकला: ३. चव सुरुवातीला सुरेख खमंग, पण शेवटी गोडवा उरतो, कडवटपणा तिथपर्यंत पोचत नाही: २० पैकी १४. स्पर्श मध्यम, बुडबुडे थोडे कमी: ४. एकूण, आवडीने संपवण्यासारखी पण दुसरा ग्लास मागावासा न वाटणारी: ७. बेरीज ३७. बीजेसीपीच्या श्रेणीत ३० ते ३७ म्हणजे ‘खूप चांगली’ आणि ३८ ते ४४ म्हणजे ‘उत्कृष्ट’. एका गुणाने वरची पायरी हुकली. अशा वेळी बेरजेत एक गुण ढकलून द्यायचा मोह होतो. तो देऊ नये. हवं तर परत एक घोट घ्यावा आणि चवीचे १४ बरोबर आहेत का ते तपासावं. बदल करायचा तर त्या रकान्यात, कारण लिहून.

याच बिअरमध्ये स्पष्ट डायअ‍ॅसिटिल असतं तर? वास ६, दिसणं तेच ३, चव १०, स्पर्श ३, एकूण ५. बेरीज २७. म्हणजे २१ ते २९ ची ‘चांगली’ ही श्रेणी. एकाच दोषाने दहा गुण नेले, कारण तो वासात आहे, चवीत आहे, स्पर्शातही आहे. दोष किती रकान्यांत डोकावतो यावर त्याची किंमत ठरते, तो तुम्हाला किती खटकला यावर नाही.

आवड आणि गुण यांची फारकत इथेच करावी लागते. मला स्वतःला हॉप्स जास्त असलेली अंबर आवडते. पण माल्टकडे झुकलेली, नीटस केलेली अंबरही मार्गदर्शिकेत तितकीच बसते, आणि तिला मी ४० देतो. घरी मात्र दुसरीच आणतो.

एकदा एका मित्राने मला खुणा न केलेले चार ग्लास दिले. मी चारही मन लावून चाखले, वर्णनं लिहिली, गुण दिले. दुसऱ्या ग्लासला ३९, चौथ्याला ३१. दोन्ही एकाच बाटलीतले होते. वही पुन्हा वाचली तेव्हा कारण दिसलं: तिसरा ग्लास आयपीए या भरपूर हॉप्सच्या, कडवट बिअरचा होता. त्या कडवटपणानंतर आलेली अंबर मला ‘पाणचट, गोड’ लागली होती. तेव्हापासून मी सौम्य आधी, कडू नंतर हा क्रम मोडत नाही, मध्ये साधं पाणी पितो आणि पावाचा कोरडा तुकडा खातो. दोन जण चाखत असतील तर लिहून होईपर्यंत बोलायचं नाही. समोरच्याने ‘टॉफी’ म्हटलं की टॉफी लागतेच.

स्वतःची जीभ तपासायची एक साधी रीत प्रयोगशाळांत वापरतात. तीन ग्लास घ्यायचे, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. दुसऱ्या कोणीतरी ओतायचं. वेगळा कोणता ते ओळखायचं. नुसता अंदाज मारला तरी तीनांत एकदा बरोबर येतो, म्हणून पाच-सहा वेळा करावं. वेगळा ग्लास ओळखूच येत नसेल तर त्या दोन बिअरना वेगळे गुण देण्याचा हक्क आपल्याला नाही.

एकच करून पाहायचं असेल तर हे करा. एकाच दिवशी भरलेल्या अंबर एलच्या दोन बाटल्या घ्या. एक फ्रिजमध्ये ठेवा, दुसरी महिनाभर उबदार, अंधाऱ्या कपाटात. मग दुसरीही गार करून दोन्ही शेजारी शेजारी ओता. माझ्या वहीतलं त्या दिवसाचं पान असं आहे. डावा ग्लास: ग्रेपफ्रूट, पावाची साल, खमंग, शेवट कोरडा, कडवटपणा घशापर्यंत. उजवा ग्लास: मनुका, मध, हॉप्स नाहीत, शेवट गोड आणि जड. वीस मिनिटांनी उजव्यात पुठ्ठ्याचा हलका वास. डाव्याला ४१, उजव्याला २८. रंग दोन्हींचा तोच, तांब्याचा.